माझा शेजारी बाळाराम

बाळाराम गेला तेव्हा मी पनवेलच्या मच्छीमार्केटच्या दारात एका बाईशी बोंबलांवरून भांडत होतो. ती बोलत होती शिळे हायत, मी बोलत होतो सकाळचे हायत, आणि खरं सांगायचं तर बाईचंच बरोबर होतं. तेवढ्यात फोन वाजला. आमच्या कोळीवाड्यातला जनू नाखवा. एरवी हा माणूस असा ओरडतो की त्याला फोनची गरजच नाय, त्या दिवशी मात्र हळू बोलला. ‘केरू, गाडी घेऊन घरी ये. तुझा शेजारी गेला.’ मी विचारलं, ‘कुठं गेला?’ … हसा, खुशाल हसा. माणूस मेल्याचं सांगतायत आणि हा शहाणा विचारतोय कुठं गेला. नाखव्यानं फोन ठेवला. मग मला समजलं. त्या बाईच्या पिशवीत बोंबलांचा वाटा टाकला, टेम्पोत बसलो आणि निघालो. सुकापूरची कमान दिसली तेव्हा ध्यानात आलं की आपण घराच्या बरोबर उलट्या दिशेनं चाललोय. पंधरा वर्षं ज्या रस्त्यानं मासळी आणतो तो रस्ता त्या दिवशी सापडला नाय.

तुमाला वाटेल, शेजारी गेला तर एवढं काय. तर बाळाराम माझा सख्खा भाऊ होता. एका आईचा, एका बापाचा. पण हे आमच्या गावात माझ्यासमोर कोणी तोंडातून काढत नाय. मयताच्या फोनवर पण काढलं नाय.

त्याचं असं झालं. बाळारामनंतर आमच्या आईची तीन पोरं पाळण्यातच गेली. म्हातारे बोलले, सटवीची नजर हाय या घरावर, जे होईल ते ती नेईल. मग मी झालो. मला सुपात घातलं, वर घरातला केर टाकला आणि नेऊन ठेवलं उकिरड्यावर. म्हणून नाव केरू. म्हणजे सटवी आली तर तिला वाटावं, हा तर कचरा हाय, याला कोण नेणार. तेवढ्यानं भागेना म्हणून शेजारची गोमा आली, तिला पोरबाळ नवतं, तिनं ओंजळभर कण्या आईच्या पदरात टाकल्या आणि मला विकत घेतलं. कण्या म्हणजे तांदूळ सडताना जो चुरा पडतो तो. अखंड तांदूळ पण नाय दिला कोणी माझ्यासाठी! त्या दिवसापासून गोमा माझी आय, आणि सख्खी आई झाली पारूकाकी. दोन घरांत एक कुडाची भिंत. भिंतीच्या या बाजूला मी, त्या बाजूला बाळाराम. मी त्याला दादा बोलायचं नाय, त्यानं मला भाऊ बोलायचं नाय. बोललं की सटवीला ऐकू जाणार, आणि मग ती आपला राहिलेला माल उचलून नेणार.

हे सगळं सगळ्यात जास्त कोणी पाळलं असेल तर बाळारामनं. तो तेव्हा सहासात वर्षांचा. तीन भावंडं त्यानं फडक्यात गुंडाळून नेलेली बघितली होती. मी जगलो ते कण्यांमुळं, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. शाळेत मास्तरनं विचारलं, ‘हा तुझा भाऊ का रे? तोंड तर सारखंच हाय.’ हा बोलला, ‘नाय गुरुजी, शेजारचं हाय. कण्यांवर आणलेलं.’ सगळा वर्ग हसला. मी रडत पळालो तो परत शाळेत गेलोच नाय, म्हणून आज हे मी बोलतोय आणि बाळारामची थोरली पोरगी प्रिया लिहून घेतेय. ती कॉलेजात हाय. मधेच विचारते, ‘हे असंच लिहू?’ मी बोलतो, ‘असंच लिही, सुधारलंस तर लोकांना वाटेल दुसराच कोणी मेला.’

पण त्याच दिवशी संध्याकाळी कुडाच्या भोकातून एक हात आला. हातात चिंबोरीचा डेंगा, म्हणजे खेकड्याची नांगी हो, भाजलेला, मोठ्यातला मोठा. मी घेतला. पलीकडून आवाज आला, ‘शेजाऱ्याला दिलाय हां, उगाच कोणाला सांगू नको.’ … असा होता बाळाराम. मी पहिल्यांदा होडीवर गेलो तेव्हा जाळं ओढायच्या नादात स्वतःच पाण्यात पडलो. कोळ्याचं पोर, खाडीत बुडतंय! त्यानं मला केसाला धरून वर काढलं, होडीत आपटलं आणि कानाखाली वाजवली. थरथर कापत होता, माझ्यापेक्षा जास्त. बोलला काय, तर ‘शेजारचं पोर बुडालं तर पोलीस मला धरतील.’ माझ्या लग्नात त्यानं राबराब राबून मांडव घातला आणि स्वतः जाऊन बसला पाहुण्यांच्या पंगतीत. मी मटलं, आत ये, तर डोळे वटारले. त्याची बायको सुमन, ती तर दर भाऊबीजेला मला ओवाळायची. नवऱ्याच्या भावाला! का, तर मी शेजारचा, म्हणजे तिला मानलेला भाऊ. तिची पोरं मला मामा बोलायला लागली. सटवी कितीही हुशार असली तरी या नात्याच्या गुंत्यात तिचाच पाय अडकला असता.

आमचा बाप होडीवरच गेला. भरतीच्या वेळी उभा होता, हसत होता, आणि उभ्याचा आडवा झाला. कोणी बोललं बाहेरचं लागलं, कोणी बोललं दर्याचं देणं राहिलं होतं. बापाची बहीण पण तशीच गेली, मासळीची पाटी डोक्यावर असताना. तेव्हा कोणी दोन्हीचा मेळ घातला नाय. आमाला काय माहीत, की हे माणसाच्या आतून येतं.

मेळ घालणारी माणसं आली ती नंतर. आमच्या समाजमंदिरासमोर एक पांढरी गाडी येऊन उभी राहिली, चार पोरंपोरी उतरली आणि एक डॉक्टर म्याडम. त्यांनी गाव गोळा केला आणि समजावून सांगितलं. बोलल्या, आमी हजारो लोकांचं रक्त घेऊन जपून ठेवणार. त्याच्याबरोबर तुमी काय खाता, काय काम करता, घरात कोणाला काय आजार, कोण कशानं गेलं, ते सगळं लिहिणार. मग वर्षानुवर्षं तुमच्या तब्येतीवर लक्ष ठेवणार. म्हणजे एखाद्या घरात आजार पिढ्यानपिढ्या का चालतो, रक्तातलं काय त्याला कारण, ते शोधता येईल. आज तुमाला फायदा नाय, कदाचित पोराबाळांना होईल. मी हात वर केला. ‘म्याडम, रक्त ठेवणार कशात?’ बोलल्या, ‘फ्रीजरमध्ये. फार थंड असतो, तीसचाळीस वर्षंसुद्धा चांगलं राहतं.’ मी बोललो, ‘मग थोडी जागा द्या की, माझा पापलेट दोन दिवसांत वास मारतो.’ म्याडम पण हसल्या. मला वाटलं, जिंकलो. पुढच्या मिनिटाला सुई बघितली आणि मी खुर्चीवरून घसरलो. शुद्धीवर आलो तर बाळाराम वर वाकलेला, पाणी मारत होता आणि म्याडमला सांगत होता, ‘याचं अर्धंच घ्या, हा रडका हाय. पायजे तर माझं जास्त घ्या.’

मग एक पोरगी प्रश्न विचारायला बसली. ‘सख्खी भावंडं?’ बाळाराम माझ्या मागं रांगेत, हातभर अंतरावर. मी बोललो, ‘नाय. एकटाच हाय.’ माझ्यानंतर तो बसला. ‘सख्खी भावंडं?’ ‘तीन भावंडं व्हती, लहानपनी गेली. भाऊ नाय.’ त्या बिचारीनं लिहून घेतलं. तिला काय ठाऊक, समोर दोन सारखी नाकं बसलीत आणि दोन्ही खोटं बोलतायत. ती काय बदमाशी नवती. त्या क्षणी आमाला दोघांनाही तेच खरं उत्तर वाटलं होतं. घरी आलो तर पारूकाकी उंबऱ्यात उभी. दुखलं का, चक्कर आली का, काय विचारलं नाय. बोलली, ‘इचारलानी का भावाचं? बोललाव नाय ना?’ आमी दोघं एकदम बोललो, ‘नाय.’ मग ती आत गेली आणि चहा ठेवला. ती स्वतः रक्त द्यायला गेलीच नवती, कितीदा बोलावलं तरी.

बाळाराम गेला तो ओट्यावर बसून जाळं विणताना. दुपारची वेळ. सुमन आतून बोलत होती, हा हूं हूं करत होता, आणि मग हूं आलं नाय. पन्नाशी पण गाठली नवती. मी पोचलो तेव्हा बोटांत जाळ्याचा दोरा, तंगूस, तसाच होता, गाठ अर्धी मारलेली. पारूकाकी त्याच्या पायाशी बसली होती. मला बघितलं, आणि रडणं थांबवून हातानं खूण केली… लांब उभा राहा. एक नेला हाय, दुसरा सटवीला दिसू नको. मी शेजाऱ्यांत उभा राहिलो. स्मशानात पण शेजाऱ्यांतच. लोक एकमेकांना बोलत होते, शेजारी असावा तर असा, किती रडतोय बघा.

पोस्टमार्टम केलेले डॉक्टर बोलले, हृदयाचा स्नायू जाड झालेला होता. नंतर त्या रक्त जपणाऱ्या म्याडमचा फोन सुमनला आला. बाळाराम त्यांच्याकडं नोंदलेला होता, म्हणून त्याचं जाणं त्यांना कळलं. बोलल्या, वाईट वाटलं, पण एक महत्त्वाचं हाय, मुलांना घेऊन या. आणि वडिलांकडचं रक्ताचं कोणी असेल तर त्यांनाही आणा. सुमन भिंतीपलीकडून बोलली, ‘केरूदादा, गाडी काढाल का पुढच्या आठवड्यात?’ तिनं ‘वडिलांकडचं’ हा शब्द मला सांगितला, आणि पलीकडं भांडी घासायला लागली. मी बोललो, ‘काढतो.’

त्या दिवसापासून मी जो घाबरलो तो अजून घाबरलेलाच हाय. मी विनोदी माणूस, मार्केटात बाया माझ्याकडून मासळी कमी आणि चेष्टा जास्त घेतात. पण छातीवर हात ठेवायचं वेड लागलं. टेम्पो सिग्नलला थांबला की हात छातीवर. बर्फाची लादी उचलली, धडधड वाढली, की मी लादी खाली ठेवून उभा, जणू कोणी दार वाजवतंय आणि उघडायचं का नाय ते ठरत नाय. बायको बोलली, ‘एवढं हाय तर दाखवून या ना.’ मी बोललो, ‘दाखवू कोण म्हणून? शेजारी म्हणून?’ … एकीकडं वाटे, नाय बोललो तर एक दिवस बोंबील तोलताना आडवा होईन. दुसरीकडं वाटे, बोललो, तर त्याच क्षणाला आडवा होईन. तुमी शिकलेली माणसं हसाल. माझ्या जागी येऊन हसा. ज्या एका खोट्यावर मी एवढी वर्षं जिवंत राहिलो, ते खोटं मला माझ्याच हातानं मोडायचं होतं.

निघताना पारूकाकी गाडीशी आली. टेम्पोच्या खिडकीला धरून उभी. ‘केरू, तू गाडीच हाक. आत जाव नको. माझे बाळ्याला कोनी इकत घेतला नवता रे… तू तरी ऱ्हा.’ एवढ्या वर्षांत ती माझ्याशी इतकं उघड कधी बोलली नवती. मी बोललो, ‘काकी, मी कशाला आत जातो, मला सुईची चक्कर येते.’ तिला तेवढंच पायजे होतं.

नवीन पनवेलमध्ये त्यांचं ऑफिस. सुमन, प्रिया आणि धाकटा रोशन आत गेले, मी बाहेर बाकावर. थोड्या वेळानं म्याडमनीच दार उघडलं, ‘तुम्हीही या ना.’ मला ओळखलं त्यांनी, ‘पापलेटवाले.’ गेलो. त्या पोरांना समजावत होत्या. ‘बाबांच्या रक्तात आम्हाला एक बदल सापडलाय. हृदयाच्या स्नायूशी त्याचा संबंध असू शकतो. पण असे बदल काही वेळा निरुपद्रवीही असतात. हाच बदल कारणीभूत आहे का, हे कळायला तुमच्या बाबांचे आईवडील, भाऊबहीण, असं कोणीतरी तपासायला हवं. ते जुळलं तर तुम्हा दोघांची तपासणी नेमकी करता येईल. धोका असेल तर औषधं आहेत, छातीत बसवायचं यंत्र आहे. आधी कळलं तर माणूस वाचतो.’ मग सुमनला विचारलं, ‘यांच्या वडिलांकडचं कोणीच नाही?’

सुमननं पदर तोंडात धरला आणि फरशीकडं बघायला लागली. तिची दोन्ही पोरं एका पारड्यात आणि मी दुसऱ्या. ती बोलली असती तर पोरांचं भलं होतं, पण ती बोलली नाय. बाळारामची बायको होती ना. रोशन माझ्याकडं बघून बोलला, ‘मामा, तू तरी सांग काहीतरी.’ म्याडम बोलल्या, ‘हे मामा का? आईकडचे. मग यांच्या रक्ताचा इथं उपयोग नाही.’ आणि लिहायला लागल्या.

उपयोग नाय. आयुष्यात हे मला पुष्कळांनी सांगितलंय, कधी लागलं नाय. मी उठलो, बाहेर आलो. टेम्पोची काच पुसली, ती स्वच्छच होती. रोशन बारावीत हाय, कबड्डी खेळतो, मैदानात पोरगं असं धावतं… आणि मला तो उभ्याचा आडवा झालेला दिसला. माझा बाप दिसला, बाळाराम दिसला, आणि त्यांच्यामागं हे पोरगं. मी परत आत गेलो. दाराशीच उभं राहून बोललो, अगदी हळू, सटवीला ऐकू जाऊ नये म्हणून.

म्याडम बोलल्या, ‘काय म्हणालात? जरा मोठ्यानं बोला.’

आली का पंचाईत! मी इकडं तिकडं बघितलं. खिडकी उघडी होती, ती लावली. मग डोळे मिटले आणि बोललो, ‘मी बाळारामचा भाऊ हाय. सख्खा. पाठचा.’ आवाज इतका मोठा निघाला की बाहेरचा शिपाई आत डोकावला. सुमन ‘अगं बाय’ करून उठली आणि माझ्यावरून हात ओवाळून बोटं मोडायला लागली, एका हातानं अश्रू पुसतेय, एका हातानं दृष्ट काढतेय. मी छातीवर हात ठेवून उभा. धडधड चालू होती. एक ठोका, दुसरा ठोका… कोणी आलं नाय मला न्यायला.

म्याडमना कण्यांपासून सगळं सांगितलं. त्या हसल्या नाय. कॉम्प्युटरवर माझं नाव काढलं. बोलल्या, ‘तुमचं रक्त तर आमच्याकडंच आहे, त्यांच्याच आठवड्यातलं. फक्त तुमचं नातं नव्हतं.’ मला कसंतरीच झालं. म्हणजे इतकी वर्षं आमी दोघं त्या थंडगार पेटीत होतो, एकाच आईबापाचं रक्त, आणि तिथं पण शेजारी म्हणूनच. मग त्यांनी माझी परवानगी घेतली, हृदयाची सोनोग्राफी केली. स्नायू थोडा जाड दिसतोय बोलल्या, वजन उचलू नका, गोळी चालू करू, रक्ताचा रिपोर्ट आला की पुढचं ठरवू. पोरांची तपासणी पण सुरू झाली. रिपोर्ट अजून आलेला नाय. बर्फाच्या लाद्या आता दुसरा माणूस उचलतो आणि मी उभं राहून त्याला शिकवतो, त्यामुळं त्याचंही काम होत नाय. पारूकाकीला यातलं काय सांगितलेलं नाय. तिला वाचता येत नाय म्हणून तर हे पेपरात द्यायची हिंमत केली. आमच्या बाजूला कोणी येणार असाल तर कृपा करून तिच्यापुढं बोलू नका. मी रात्री डोळा लागायच्या आधी दहा वेळा स्वतःला चिमटा काढून बघतो. एवढा शूर मी.

पण त्या दिवशी तिथून निघायच्या आधी म्याडमनी एक चित्र काढलं, ते सांगून थांबतो. मला अक्षर येत नाय, पण ते चित्र मला वाचता आलं. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. वर एक चौकोन आणि एक गोल, आमचा बाप आणि पारूकाकी. खाली एक चौकोन, आतून काळा भरलेला आणि वर तिरकी रेघ मारलेली. बोलल्या, ‘हे तुमचे बाळाराम. काळा म्हणजे आजार, तिरकी रेघ म्हणजे आता नाहीत.’ मग त्याच्या शेजारी त्यांनी आणखी एक चौकोन काढला, रिकामा. आणि दोन्ही चौकोनांना वरून जोडणारी एक आडवी दांडी ओढली, ती थेट बाप आणि पारूकाकीपर्यंत नेली. एवढ्या आयुष्यात ती दांडी कोणी ओढली नवती. मी त्या काळ्या चौकोनावर बोट ठेवलं. मग आडव्या दांडीवरून बोट नेत नेत माझ्या चौकोनापाशी आलो. म्याडम बोलल्या, ‘हा सध्या रिकामाच ठेवतेय. रिपोर्ट आल्यावर भरायचा की नाही ते बघू.’

‘भरा म्याडम,’ मी बोललो, ‘काळा भरायला लागला तर भरा. ती वरची दांडी तेवढी खोडू नका.’